बर्फाशेजारचा लाल स्वेटर

दरवर्षी मेंढ्या डोंगरावरून उतरल्या, की मी त्याच दगडांच्या राशीपाशी उभा राहून, त्याच लेन्सने शेतामागच्या हिमनदीचा फोटो काढतो. बर्फाची उंची कळावी म्हणून माझी बायको हुल्दा लाल स्वेटर घालून, बर्फाला हात लावून उभी राहते. पहिल्या वर्षी मी "हस जरा!" म्हटलं आणि तिची खळीसुद्धा फोटोत आली. वर्षागणिक बर्फ मागे सरत गेला, तशी फोटोतली हुल्दा लहान होत गेली. यंदा म्हटलं, "गुडघे दुखतायत ना? अलीकडेच थांब." "मग बर्फ केवढा, ते लोकांनी तुझ्या नाकावरून ओळखायचं?" म्हणत ती काठी टेकत निघाली. तासाभराने तिचा फोन आला. "पोचले एकदाची! मेला लांबच पळतोय. दिसतेय का रे मी?" कॅमेऱ्यात करड्या दगडांपलीकडे पांढरी रेघ होती, लाल काहीच नव्हतं. "दिसतेस की! हस जरा!"