हार्वुडसाहेबांचे मृत्युपत्र

‘मनुष्य जन्मतःच स्वतंत्र आहे’ असे व्हर्जिनियाच्या विधिमंडळात तीस वर्षे गर्जून सांगणाऱ्या थिओफिलस हार्वुड यांचे मृत्युपत्र दफनानंतर वाचण्यात आले: ‘माझे सर्व गुलाम मुक्त व्हावेत, मात्र माझ्या पत्नीच्या निधनानंतर.’ या औदार्याने पाहुण्यांचे डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी त्या गुलामांपैकीच एक, स्वयंपाकीण डॉर्कस हिने विधवा बाईसाहेबांपुढे सूप ठेवले.

"घ्या ना, बाईसाहेब. आज खास तुमच्यासाठी वेगळं केलंय."

बाईसाहेबांचा चमचा वाटेतच थबकला. "आधी वकिलांना बोलाव. आत्ताच्या आत्ता!"

सायंकाळपर्यंत सर्व गुलामांच्या मुक्तिपत्रांवर बाईसाहेबांची सही झाली.



थंड झालेले ते सूप त्यांच्यासमोरच पिऊन डॉर्कस म्हणाली, "मीठ तेवढं कमी पडलंय, बाईसाहेब."