थॉर्लीची खुळं

“एवढ्या उन्हात कोपरापर्यंत हातमोजे?” लायलनं विचारलं.

“पंखांच्या रोगणाचे डाग जात नाहीत,” मॉड म्हणाली. तिची नजर विमानावरून हलत नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या त्या कोरड्या तळ्यावर थॅडियस थॉर्ली या जुन्या जमान्यातल्या विक्षिप्त वैमानिकाचं विमान जसंच्या तसं पुन्हा उभं राहिलं होतं. लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. शिवण मॉडची होती. आज थॉर्लीवरच्या चित्रपटासाठी ते पहिल्यांदाच उडणार होतं. उडवणार होता तिचा नवरा, रॉस्को.



“मी उडवू का त्याच्याऐवजी?” लायल हसला. तोही वैमानिक होता, बदलीचा. “रॉस्कोचं पोट बिघडलंय म्हणून सांगतो.”

“नको!” ती एवढ्या जोरात ओरडली की कॅमेऱ्यामागची माणसं वळून बघायला लागली. मग तिनं आवाज खाली आणला. “तुला लहान मुलं आहेत, लायल.”

“आणि रॉस्कोला बायको नाही वाटतं?”

तिनं हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. लायलला वाईट वाटलं, उगाच थट्टा केली.

वॉसलर हा दिग्दर्शक. थॉर्लीच्या एकेका खुळापायी त्यानं निर्मात्यांना रडवलं होतं. थॉर्ली घरातल्या सपाता घालून उडायचा, म्हणून सपाता हव्या. मांडीवर कोंबडी घ्यायचा, म्हणून त्याच जातीची कोंबडी आगगाडीनं मागवलेली.

“हवाई छत्री तरी देताय ना त्याला?” मॉडनं विचारलं.

“थॉर्लीनं कधी घेतली होती?” वॉसलर म्हणाला. “तो तिला भित्र्यांची झोळी म्हणायचा. घाबरू नका, बाई.”

तेवढ्यात रॉस्को आला. पायात सपाता, काखेत कोंबडी. सगळे खो खो हसले. त्यानं मॉडचा दंड धरून तिला जवळ ओढलं.

“रात्रभर रडते आणि दिवसभर शिवते,” त्यानं सगळ्यांना सांगितलं. “नशीब लागतं राव अशी बायको मिळायला!” मग तिच्या कानाशी लागला, “खाली आलो की बोलू.”

मॉडनं मान हलवली.

इंजिन सुरू झालं. मॉडनं डोळे मिटून घेतले. पण आवाज वाढायच्या ऐवजी मंदावला.

“थांबा, थांबा!” वॉसलर धावत आला. “मागची जागा रिकामी कशी? नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला थॉर्ली पंख शिवणारीला मागे बसवायचाच. मी साफ विसरलो होतो. बरं झालं, रॉस्कोनं आठवण करून दिली!”

टाळ्या वाजल्या. मॉड एक पाऊल मागे सरली. काय सांगणार होती ती?

“ये ना,” रॉस्कोनं वरून हात पुढे केला. “तूच शिवलंयस, मग भीती कसली?”

लायलनं तिला वर चढवलं. चढवताना तिचा एक मोजा निसटून त्याच्या हातात राहिला. तिच्या मनगटावर कुणाची तरी बोटं काळीनिळी उमटली होती. तो काही बोलायच्या आत विमान धावू लागलं.

धूळ मागे पडली. चाकांनी जमीन सोडली. कोंबडी ओरडत होती आणि लोक टोप्या उडवत होते.

मॉडनं डाव्या पंखाकडे पाहिलं. तिथल्या एकाही टाक्याला तिनं गाठ मारली नव्हती.