चौथं राज्य

आयडाहोचं पत्र आलं आणि ऑरिन टास्करची फाइल पुरी झाली. व्हर्नाने ती तरीही पुन्हा उघडली.

मोंटानात पॅरामेडिक म्हणून ॲम्ब्युलन्सवर काम करायचं तर मोंटानाचा परवाना लागतो. आणि आधी जिथे जिथे परवाना होता, त्या प्रत्येक राज्याने 'या माणसाविरुद्ध तक्रार नाही' असं परस्पर कळवायचं, हा नियम. बावीस वर्षं व्हर्ना परवाना कार्यालयात असली पत्रं वाचत होती. माणूस राज्य का सोडतो, हे त्यात कधीच नसायचं. तिला नेमकं तेवढंच हवं असायचं.

टास्करचं वय चौपन्न. ओहायोत सतरा वर्षं नोकरी. मग एकाएकी कॅन्सस, मग आयडाहो, मग दीड वर्षाची कोरी जागा, आणि आता इथे.

"सही कर आणि मोकळी हो," साहेब गिलरॉय म्हणाला. "आपल्या गावात ॲम्ब्युलन्सवर दोन माणसं कमी आहेत. परवा एका म्हातारीला पाऊण तास वाट बघावी लागली."

"इतकी राज्यं बदललेला माणूस काहीतरी लपवत असतो."

"उद्या देव दारात उभा राहिला तर त्याच्याकडेही तू मागच्या पत्त्याचा दाखला मागशील."

"मागेनच," व्हर्ना म्हणाली आणि तिने आयडाहोच्या ॲम्ब्युलन्स केंद्राला फोन लावला.

"ऑरिन? अहो, सोनं आहे सोनं!" तिकडची प्रमुख बाई म्हणाली. "नाताळात दुसऱ्यांच्या पाळ्या स्वतःवर घ्यायचा. एकदाच सुट्टी घेतली, दाढ काढायला. दुसऱ्या दिवशी आला, आदल्या दिवसाच्या नोंदी वाचल्या आणि भिंतीवर असा गुद्दा मारला की बोट मोडलं. त्यानंतर एक दिवस घरी बसला नाही."

"काय होतं नोंदींत?"

"नेहमीचंच. पडलेले, धडपडलेले, एक हृदयविकाराचा झटका. नावं मी सांगू शकत नाही, तुम्हाला नियम माहीत आहेत."

"आणि सोडून का गेला?"

"म्हणाला, माझं काम इथून हललं. मला वाटलं, कुणी बाई असेल."

व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली. तिने सही केली नाही.

घरी मात्र ती कुणाची चौकशी करत नसे. लाइलशी लग्न होऊन वर्ष झालं होतं. दोघांचंही दुसरं लग्न, आणि मागचं उकरायचं नाही असा करार. दोन झटके पचवलेला हा माणूस गोळ्यांचा डबा खिशात घेऊन फिरायचा. गाडी कधी चालवायचा नाही. गुडघाभर बर्फातही दुकानात पायी जायचा. उतारवयात हाती लागलेलं हे सुख व्हर्नाला फार जपावंसं वाटायचं.

"आज कुणाची हाडं उकरलीस?" घेवड्याचं सूप ढवळत लाइलने विचारलं.

"नाव सांगता येत नाही. एक पॅरामेडिक आहे, राज्यामागून राज्य बदलतोय."

"असतात गं माणसं भटकी. मीही होतोच की." मग ताट पुढे सरकवत तो म्हणाला, "चांगला असेल तर घे बाई त्याला. माझ्यासारख्यांना उपयोगी पडेल."

पाऊण तास वाट बघणारी म्हातारी तिला रात्रभर आठवत राहिली.

गुरुवारी टास्कर बोटांचे ठसे द्यायला आला. उंच, शांत, हातात टोपी. मधलं बोट जरा वाकडं.

"ही दीड वर्षं कोरी का?" व्हर्नाने विचारलं.

"शोधत होतो."

"काम?"

तो जरासा हसला. "तसंच म्हणा."

"ओहायोत सतरा वर्षं टिकलात. मग ही भटकंती कशासाठी?"

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "बायको गेली, बाई. रस्ता ओलांडत होती. गाडीवाला थांबलाच नाही. तिच्यासाठी आलेल्या ॲम्ब्युलन्सवर मीच होतो."

व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या नसत्या चौकशांची तिला पहिल्यांदाच लाज वाटली.

"सापडला का तो?" तिने हळूच विचारलं.

"पोलिसांना नाही सापडला."

तिने सही केली, शिक्का मारला आणि परवाना स्वतः त्याच्या हातात दिला. "आमच्या गावात माणसं कमी आहेत," ती म्हणाली. "तुम्ही आलात, बरं झालं. माझ्या घरीही हृदयाचा पेशंट आहे."

"काळजी करू नका," टास्कर म्हणाला. "मी सुट्टी घेत नाही."

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, जेवता जेवता लाइलच्या हातातला चमचा गळून पडला. त्याने छाती धरली आणि तो खुर्चीवरून घसरला. व्हर्नाने फोन फिरवला. सहा मिनिटांत सायरन ऐकू आला. दारात टास्करला पाहून तिला रडूच फुटलं. देवासारखा धावून आला होता.

सोबतच्या जोडीदाराला त्याने स्ट्रेचर काढायला परत गाडीकडे पाठवलं. मग तो लाइलशेजारी गुडघे टेकून बसला, आणि बसूनच राहिला. लाइल त्याच्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको. घाबरला असेल, असं व्हर्नाला वाटलं.

"याआधी दोन झटके येऊन गेलेत," ती घाईघाईने सांगू लागली. "कुठे, कधी, ते मला नाही माहीत. मी कधी विचारलंच नाही."

"पहिला कॅन्ससमध्ये, दुसरा आयडाहोत," टास्कर म्हणाला. पिशवी त्याने अजून उघडली नव्हती. "दोन्ही वेळा माझी सुट्टी होती."