गोड पाण्याची घागर

नदीघाटावरच्या अस्थी तपासणाऱ्या यंत्रानं नवऱ्याच्या अस्थींचं गाडगं दुसऱ्यांदा परत दिलं, तेव्हा शेवंताबाई गोंधळल्या.

"आजी, अस्थींत शिसं फार आहे. नदीत सोडता येणार नाहीत," घाटावरची मुलगी हळू आवाजात म्हणाली. "शिसं कुठलं तेही यंत्रानं सांगितलंय. तुमच्याच मळ्यातल्या विहिरीचं."

शेवंताबाईंना पटेना. घरी नळ आला तरी, पाणी गोड म्हणून, त्या रोज विहिरीवरून एक घागर आणायच्या.

"मग ह्यांना ठेवू कुठं?"

"सीलबंद पेटी मिळेल. आजी, तुम्हीही तपासून घ्या."

"मी कशाला गं? दम लागायचा, एकच घागर आणवायची. ती ह्यांना पुरावी म्हणून मी नळाचंच प्यायचे."