ग्लासगोची पितळी पाटी

पायस दारात आला तेव्हा हुसैनमियाँ ती पाटी जुन्या लुंगीत गुंडाळत होते.

मस्कतच्या गाला भागातल्या वर्कशॉपमागची त्यांची खोली रिकामी झाली होती. खाटेवर दोरीनं आवळलेली सुटकेस, तिच्यावर पासपोर्ट. अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, लाँचवर सव्वीस वर्षं इंजिन ड्रायव्हर म्हणून काढून म्हातारा उद्या सकाळच्या विमानानं कायमचा रत्नागिरीला निघाला होता. लाँच महिन्यापूर्वीच भंगारात गेली होती.

"बघू?" पायस म्हणाला.

हुसैनमियाँनी लुंगी उलगडली. लाँचच्या इंजिनावरची पंज्याएवढी पितळी पाटी. ग्लासगो, १९३४, खाली इंजिनाचा नंबर. सव्वीस वर्षांच्या पुसण्यानं अक्षरांच्या कडा गोल झाल्या होत्या.

पायसनं खाली वाकून नंबर वाचला. अल् घुब्रातल्या फ्लॅटमध्ये त्यानं हॉलची एक भिंत अशा वस्तूंनी भरली होती. ग्रीनॉकच्या क्रेनचा बिल्ला, पेझ्लीच्या बॉयलरचं प्रेशर गेज, ग्लासगोच्या पंपांच्या सात पाट्या. स्कॉटलंडच्या कारखान्यातून आलेलं काहीही मस्कतमध्ये मोडीत निघालं की पायस तिथं हजर. या पाटीसाठी तो अर्बाबकडे दोनदा गेला होता. दोन्ही वेळा त्याला चहा मिळाला. पाटी मिळाली हुसैनमियाँना. स्कॉटलंड कुठं आहे हेही ज्याला सांगता आलं नसतं, त्याला.

"घरी नेऊन काय करणार हिचं, चाचा?"

"काय करायचं? उशाशी ठेवीन."

उशाशी. पायसला तो शब्द सहन झाला नाही.

"एअरपोर्टवर काढून घेतील," तो म्हणाला. "जुन्या मशिनरीचा भाग आहे ना. बाहेर न्यायला कागद लागतो. नसला तर जप्त करतात, वर चौकशी. तुमचं विमान चुकायचं."

असा कुठलाही कागद नव्हता. वाक्यं त्यानं गाडीत बसून जुळवली होती. ती इतक्या सहज तोंडातून निघतील असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

हुसैनमियाँ खाटेच्या कडेवर बसले. अंगठा नंबरावरून एकदा फिरवला, मग उलटा परत आणला.

"आमच्या घरची सगळी येतील मुंबईला न्यायला," ते म्हणाले. "चौकशी नको. तुला यातलं कळतं, तू घे. तुझ्याकडं चार माणसं बघतील तरी."

पायसनं पाटी घेतली. ती हातात जड होती. तो लगेच दाराकडे वळला.

"थांब." हुसैनमियाँनी सुटकेसची दोरी सोडली आणि कपड्यांच्या तळातून दाढीच्या क्रीमचा रिकामा डबा काढला. डब्यात चिंधीत बांधलेले चार पितळी स्क्रू होते. "हिचेच आहेत. भिंतीवर लावशील तेव्हा हेच लाव. यातले तीन तिकडचे, मूळचे. एक समुद्रात पडला, तो मी लेथवर केला. तू सांग बरं कुठला?"

पायसनं स्क्रू उजेडाकडे धरले.

"घरी नीट बघतो," तो म्हणाला.

"बघ," हुसैनमियाँ हसले आणि सुटकेस पुन्हा बांधायला बसले.

बाहेर ऊन रणरणत होतं. गाडीत बसल्यावर त्यानं एसीसुद्धा लावला नाही. स्क्रू तळहातावर ओळीनं मांडले. आटे पाहिले, माथ्यावरची खाच नखानं चाचपली. चष्मा काढून पाहिलं, पुसून लावून पाहिलं. वीस वर्षं तो हेच करत आला होता. वस्तू दूरवरून पाहून ती कुठल्या गावची ते सांगायचा. हे चारही स्क्रू मात्र सारखेच दिसत होते.

पाटी शेजारच्या सीटवर लुंगीत पडून होती. ती उघडायचं त्याला सुचलं नाही. कपाळावरचा घाम तळहातावर टपकला, तो त्यानं शर्टाला पुसला आणि पहिला स्क्रू पुन्हा हातात घेतला.