वेळेवर

"आलो गं," म्हणत इसोगाई घरात शिरले आणि बूट न काढता दारातच उभे राहिले. थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपमधून वारलेल्या बायकोचा आवाज आला, "आलात?"

हमामात्सुच्या कारखान्यात जन्मभर ज्या रिअल टाइम सिस्टीमवर त्यांनी रोबोट चालवले, तीच त्यांनी खटपट करून या घरच्या संगणकावर बसवली होती.

मागून पिशव्या घेऊन आलेली लेक चिझुरू वैतागली. "नऊ सेकंद लागले, बाबा. एवढी कारखान्यातली सिस्टीम घातलीत, तरी डबडं ढिम्मच. आई तर तुमचं 'आलो' संपायच्या आत बोलायची. नवा संगणक घेऊ या."

"ही सिस्टीम वेगासाठी नसतेच गं. ठरल्या वेळी बोलते, एवढंच. आधीची सिस्टीम कधी आठ सेकंदांनी बोलायची, कधी दहा."

"मग नऊ कोणी ठरवले?"

इसोगाई बूट काढायला खाली बसले.

"तू टोकियोला होतीस. शेवटच्या वर्षी अंथरुणातून उठून दारापर्यंत यायला तिला तेवढे लागायचे. तोवर मी बूट काढून टीव्हीसमोर बसलेलो असायचो."