वर एक टोपण

काठाला लागता लागता बोटीची मोटर थरथरली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

"बघा," शंभूराज वडिलांना म्हणाला. "पक्ष्यांजवळ बी हेच. स्लो केली की बंद पडती. मग दोरी ओढायची, फटफट व्हती आन समदे फ्लेमिंगो उडून जात्यात. पाव्हणे काय नुसत्या पाण्याचे फोटो काढायला येत्यात?"

डाळजच्या धरणकाठावर सकाळचा गारठा होता आणि आप्पा मोटरीच्या टोपावरचं दव पंच्यानं पुसत होते. मोटर जुनी, पण आप्पांची भारी लाडकी. इतक्या मायेनं माझं तोंड कधी पुसलं नाही, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची.

"दुपारी भंगारवाला येतुय. मी शब्द दिलाय," शंभूराज म्हणाला.

"आन बोट?"

"पडून ऱ्हाईल. नवी मोटर घिऊ की कवातरी."

कवातरी म्हणजे कधी, ते दोघांनाही ठाऊक होतं. तोवर आप्पांनी काठावर बसून दुसऱ्यांच्या बोटी येताना-जाताना बघायच्या.

मागं बांगड्या वाजल्या तसं बापलेकांनी वळून पाहिलं. शंभूराजची बायको दिपाली चहा घेऊन आली होती. तिचं माहेर वालचंदनगरचं, वडील फिटर. त्यांच्या जुन्या मोटारसायकली उघडण्यात तिचं लहानपण गेलेलं.

"अहो, भंगारात घालायच्या आधी मला बघू द्या की जरा."

"बघ. पाव्हण्यांचा नाष्टा होईतो येळ हाय. मग एकच फेरी. पक्षी उडालं, तर मोटर गेली." शंभूराज चहा पिऊन पाहुण्यांना आणायला हायवेकडं निघून गेला.

दिपालीनं पदर खोचला, बांगड्या कोपराकडं सरकवल्या. मोटर सुरू केली आणि हाताला कोरडं फडकं गुंडाळून वरच्या स्पार्क प्लगची टोपी उपटली. मोटर लगेच मेली. टोपी बसवून पुन्हा सुरू केली आणि आता खालची उपटली. मोटर जशी खोकत होती तशीच खोकत राहिली.

"आप्पा, ह्यात दोन सिलिंडर हायती. वरचा एकटा राबतोय. खालचा जोरात पळताना हात लावतो आन स्लोला आलं की अंग चोरतो."

"घरोघरी असला एक असतोच," आप्पा म्हणाले.

तिनं खालचा प्लग खोलून हातावर घेतला. कढईच्या बुडासारखा काळा आणि वर तेलानं ओला. तिनं बोटांनी चोळून पाहिला, वास घेतला.

"पेट्रोलमधी ऑईल किती घालता?"

"खुणेपतुर. मापात." आप्पांनी ऑईलच्या बाटलीचं टोपण बोटांत फिरवलं. "आन वर एक टोपण."

"वर कशाला?"

"म्हातारं मशीन हाय, पोरी. जरा तूप जास्त नगं?"

"दरवेळी एक?"

"आताशा दोन," आप्पा हळूच म्हणाले. "लई खोकायला लागली म्हणून."

दिपालीला हसू फुटत होतं. पण तिनं ते गिळलं, आणि यात तिचं मोठं कौतुक आहे, कारण दुसरं कुणी असतं तर काठावरच्या सगळ्या बोटींना ऐकू गेलं असतं. आप्पा एकदा प्लगकडं, एकदा ऑईलच्या बाटलीकडं बघत होते. जादा ऑईलनंच प्लग काळा पडला, हे ध्यानात येऊन त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी मीच हिला..."

"आप्पा, जेट बी साफ करून घिऊ," ती घाईनं म्हणाली. कार्बोरेटर खोलून तिनं पेट्रोल झिरपायचा पितळेचा बारका जेट काढला. त्याचं भोक कचऱ्यानं दिसतही नव्हतं.

"टाचणी दिऊ?"

"नगं. पितळ मऊ असतंय, भोक मोठं व्हईल." तिनं आजूबाजूला पाहिलं आणि वाळत घातलेल्या जाळ्यातून तंगुसाचा तुकडा तोडला. मासे धरायचा तो धागा जेटमध्ये पुढं-मागं केला, फुंकर मारली आणि जेट आभाळाकडं धरला. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला.

मग बोटीतल्या डब्यातले नवे प्लग, टाकी रिकामी करून मापातलं नवं मिश्रण. आणि मोटर बंद पडू नये म्हणून शंभूराजनं वर चढवून ठेवलेला स्लोचा स्क्रू तिनं खाली आणला.

शंभूराज पाहुण्यांना घेऊन आला. "काय निघालं?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण दिपाली आधी बोलली. "जेटमधी कचरा व्हता." खोटं काहीच नव्हतं त्यात.

बोट निघाली. मोटर आप्पांच्या हातात, दिपाली त्यांच्याजवळ, शंभूराज पुढं. लांबवर पाण्यात गुलाबी रांग दिसू लागली तशी आप्पांनी मोटर स्लो केली. ती खोकली नाही. संथ, सारख्या ठोक्यात बोलत राहिली. बोट जवळ गेली, आणखी जवळ गेली. एका फ्लेमिंगोनं मान वर काढली, बोटीकडं पाहिलं आणि चोच पुन्हा चिखलात घातली. बाकीच्यांनी तर तेवढीही दखल घेतली नाही. पाहुण्यांचे कॅमेरे वाजत राहिले.

शंभूराजनं फोन कानाला लावला आणि तोंडावर हात धरून म्हणाला, "न्हाय, येऊ नगासा. मोटर इकायची न्हाय." आप्पांना ते ऐकू आलं. त्यांनी डोळे पंच्यानं पुसले, आणि या वेळी दव नव्हतं.

परत आल्यावर आप्पांनी पुढच्या फेरीसाठी पेट्रोल घेतलं. ऑईल खुणेपर्यंत ओतलं. मग मोटरीकडं पाहिलं. जीव राहीना. बाटलीचं टोपण हातात सरळ धरलं आणि बाटली जराशी कलली.

मागं बांगड्या वाजल्या.

आप्पांनी वळून पाहिलं नाही. टोपण बाटलीवर बसवलं, घट्ट फिरवलं आणि मोटरीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले,

"पथ्य हाय बाई तुला आता."